झडपांचे वेळापत्रक

दिवाळी अंकात दिव्यांवर लिहायची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. मीही एका दिव्यावरच लिहिणार आहे. मात्र तो पणतीतला नव्हे आणि आकाशकंदिलातलाही नव्हे. तो मोटारीत स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याशेजारी असतो. रंगाने पिवळा, आकाराने इंजिनाच्या चित्रासारखा. पण चित्र इतके लहान की कित्येक दिवस मी त्याला नळाची तोटी समजत होतो. हा दिवा चावी फिरवल्यावर पेटतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो, हा त्याचा धर्म. आमच्या गाडीत तो २०२४ च्या जानेवारीत पेटला तो विझेचना.

मी काय केले? जे कोणताही सुशिक्षित मनुष्य करतो तेच. दुर्लक्ष केले. गाडी चालत होती, कॉलेजात पोचवीत होती, परत आणीत होती. दिवा बिघडला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. गाडी बिघडण्यापेक्षा दिवा बिघडलेला परवडतो.

त्याच महिन्यात आईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. तिला मधुमेह आहे, त्यातून डोळ्याच्या पडद्याचीही थोडी तक्रार, म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरांनीच तिला पुण्याला धाडले होते. ऑपरेशन छान झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तपासणी झाली, काळा चष्मा मिळाला आणि आम्ही दुपारी परत निघालो. आई मागच्या सीटवर, शेजारी औषधांची पिशवी. खंबाटकीच्या चढाला लागेपर्यंत सगळे ठीक होते. घाटात ट्रकांची रांग लागलेली होती. दुसऱ्या गिअरवर गाडी बऱ्यापैकी जोराने चढत होती. पुढचा ट्रक एकाएकी थांबला. मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, क्लच दाबला, ब्रेक दाबला, आणि गाडी थंडी भरल्यासारखी दोनदा थरथरून बंद पडली.

सेल्फ मारला. इंजिनाने धरले, घुटमळले, पुन्हा मेले. आणखी एकदा मारला, तीच तऱ्हा. मागे एक टँकर होता आणि त्याच्या भोंग्याला माझ्या अडचणीची कल्पना नव्हती.

"काय झालं रे?" आईने विचारले.

"काही नाही. जरा थांबलीय गाडी."

"थांबलीय का बंद पडलीय?"

आईने छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत काढली आहेत. शब्द ढिला वापरलेला तिला खपत नाही. मी मुकाट्याने खाली उतरलो. टँकरचा क्लीनर शिव्या देतच आला, पण मागच्या सीटवर काळा चष्मा लावून बसलेली म्हातारी पाहिल्यावर त्याने आधी दोन दगड शोधून चाकांमागे लावले आणि मग उरलेल्या शिव्या सावकाश दिल्या. पंधरा-वीस मिनिटे आम्ही तशीच काढली. ऊन होते, धूळ होती, आणि डोळ्यात धूळ जाता कामा नये असे डॉक्टरांनी तीनतीनदा बजावले होते. शेवटचा उपाय म्हणून पुन्हा चावी फिरवली, तर गाडी पहिल्याच फटक्यात सुरू! मघाशी बंद पडलेली गाडी जणू दुसऱ्याच कोणाची होती.

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्याच महिन्यातली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. काचेचे दार, गार हवा, कॉफीचे यंत्र. एका टापटीप तरुणाने गाडीला यंत्र जोडले आणि पाच मिनिटांत कागद आणून दिला. त्यावर 'पी ००११' असा क्रमांक होता. "तुमचं टायमिंग गेलंय सर," तो म्हणाला. टायमिंग चेन, तिच्या पट्ट्या, ताण देणारा टेन्शनर, वरची गिअरचाके असा सगळा संच बदलायचा. खर्च अठ्ठावन्न हजार चारशे.

मी मराठीचा प्राध्यापक आहे खरा, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच पैसे, आणि तेही येतील तेव्हा. उन्हाळ्यात कॉलेजला सुट्टी लागते तशी आमच्या मानधनालाही लागते. गाडीही २०१४ सालची, मेहुण्याकडून २०२० साली हप्त्याहप्त्याने घेतलेली. अठ्ठावन्न हजार हा आकडा ऐकून मला त्या गार हवेतही घाम आला. विचार करून सांगतो म्हणालो. विचार कसला करणार? गाडी विकावी तर दिवा पेटलेली गाडी घेणार कोण, एवढाच एक विचार परतीच्या वाटेवर सुचला.

आमच्या कॉलेजातले शिपाईमामा जगातल्या बहुतेक अडचणींवर एकेक माणूस बाळगून असतात. त्यांनी मला एमआयडीसीच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. मिस्त्री एस. टी. च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. हाताखाली एक पोरगा आणि त्यांची स्वतःची मुलगी. मुलगी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालेली. मी मोठ्या ऐटीत तो 'पी ००११'चा कागद पुढे केला. मिस्त्रींनी तो न वाचताच मुलीकडे दिला आणि मला विचारले,

"बंद कधी पडती?"

"घाटात पडली."

"घाटात सगळ्याच पडत्यात ओ सर. चढताना पडली का थांबताना?"

मी आठवले. चढताना नव्हे. चढताना ती चांगली ओढत होती. पाय काढला तेव्हा पडली.

"इंजिन गार असताना पडती का?"

"नाही. सकाळी कधीच नाही."

"आणि पंधरा मिनिटं उभी केली की परत चालू?"

"हो, पण तुम्हाला कसे कळले?"

मिस्त्री हसले. मुलीकडे पाहून म्हणाले, "अडकतंय."

एवढ्या संभाषणावरून त्यांना जे कळले ते मला कळायला पुढचा तासभर लागला. ते मुलीने समजावून सांगितले. तिने फळीवरून एक जुना कॅमशाफ्ट काढून माझ्या हातात दिला. हातभर लांबीचा पोलादी दांडा आणि त्यावर ओळीने अंड्याच्या आकाराचे उंचवटे. दांडा फिरला की उंचवट्याचे टोक खालच्या झडपेला दाबते आणि झडप उघडते. टोक सरकले की स्प्रिंगच्या जोराने मिटते. एका झडपेतून हवा आत येते, दुसरीतून धूर बाहेर जातो. खाली पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. दोघांना बांधून ठेवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तेव्हा प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते! माझ्या वर्गातली मुले तासाला पाच वेळा दार उघडतात तर मी वैतागतो.

आता गंमत अशी की झडप नेमकी कधी उघडावी याचे एकच उत्तर नाही. ते वेगावर अवलंबून असते. मुलीने अंशांचे कोष्टक सांगायला सुरुवात केली, पण मला ते लग्नाच्या पंगतीवरून अधिक चांगले उमगले. घाई असली म्हणजे काय होते? पहिली पंगत ताक पीत असतानाच दुसऱ्या पंगतीची माणसे पाठीमागे येऊन उभी राहतात. पहिले उठतात न उठतात तोच दुसरे बसतात. वेळ वाचतो आणि जेवणारे जास्त होतात. इंजिनाचेही तसेच आहे. गाडी भार ओढत असते तेव्हा धुराची झडप पुरती मिटायच्या आतच हवेची झडप उघडली तर फायदा होतो. पण निवांत वेळ असेल, मांडवात माणसेच थोडी असतील, तेव्हा हीच घाई केली तर? उष्ट्या पानांवर माणसे बसतील. इंजिन नुसतेच मंद चालू असताना, म्हणजे आयडलिंगला, हवेची झडप लवकर उघडली की जळका धूर ताज्या हवेत मिसळतो. मग पेट्रोल नीट पेटत नाही, इंजिन थरथरते आणि शेवटी गुदमरून बंद पडते.

पूर्वीच्या मोटारींत हा वेळ कारखान्यात एकदाच ठरत असे. मंद चालीला फार वाईट नको आणि वेगालाही फार वाईट नको, अशी ती तडजोड. गमतीची गोष्ट म्हणजे कोळशाच्या आगगाडीला ही सोय कितीतरी आधी मिळाली होती. एजिद वालशार्त या बेल्जियन मनुष्याने १८४४ साली बसवलेल्या दांड्यांच्या रचनेने वाफ सिलिंडरमध्ये किती वेळ सोडायची हे ड्रायव्हरला हाताने कमीजास्त करता येई. निघताना भरपूर वेळ वाफ, वेग आला की थोडीच. मोटारीला मात्र हे जमायला १९८० साल उजाडावे लागले. त्या साली इटलीतल्या आल्फा रोमेओ कंपनीच्या 'स्पायडर' गाडीत कॅमशाफ्ट चालत्या इंजिनात पुढेमागे सरकवण्याची युक्ती प्रथम बाजारात आली. १९८९ मध्ये होंडाने 'व्हीटेक' आणले. त्याची तऱ्हा निराळी, त्यात वेग वाढला की झडपांना दाबणारे उंचवटेच बदलतात. पुढे ही युक्ती साध्या घरगुती गाड्यांपर्यंत झिरपत आली आणि आमच्यासारख्यांच्या दारात येऊन उभी राहिली. 'व्हीव्हीटी' ही तीन अक्षरे माझ्या गाडीच्या इंजिनावर पहिल्यापासून होती. ती मालकाची आद्याक्षरे नव्हेत एवढेच मला माहीत होते. याला मराठीत 'परिवर्ती झडपकाल' म्हणता येईल असे मी सुचवून पाहिले. मिस्त्रींनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले.

ही वेळ सरकवते कोण? कॅमशाफ्टच्या टोकाशी जे दातेरी चाक असते त्याच्या पोटात पाती असतात आणि पात्यांच्या दोन्ही अंगांना छोटे कप्पे. एका अंगाच्या कप्प्यात दाबाने ऑइल सोडले की शाफ्ट चाकापेक्षा थोडा पुढे वळतो. दुसऱ्या अंगाला सोडले की मागे येतो. कोणत्या अंगाला किती ऑइल जावे हे ठरवणारा एक विजेवर चालणारा नळ असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. अंगठ्याएवढी वस्तू. त्याच्या पोटात एक बारीक दट्ट्या पुढेमागे सरकतो, आणि गाडीचा संगणक त्याला क्षणाक्षणाला हुकूम सोडत असतो.

"म्हंजे सर, बाकीच्या ठिकाणी ऑइल वंगण असतंय," मिस्त्री म्हणाले. "हितं ते हात असतंय. हात घाण असला की काम घाण."

असे म्हणून त्यांनी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर ओढली. चिमटीत थेंब चोळला, हुंगला. मग ऑइल भरायचे झाकण काढून उलटे धरले. त्याच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकट काळा थर होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले आणि दाराच्या चौकटीवर चिकटवलेला ऑइलचा कागद मला वाचायला सांगितला. वाचायला सांगणे हा माझा धंदा. आज तो माझ्यावर उलटला होता. शेवटचे ऑइल जुलै २०२१ मध्ये बदललेले, एक्केचाळीस हजार दोनशे किलोमीटरला. आता काटा सत्तेचाळीस हजार नऊशेवर होता.

"पण दहा हजार झालेच नाहीत!" मी म्हणालो. माझी बाजू मला अगदी भक्कम वाटत होती.

मुलीने गाडीच्या कप्प्यातून कंपनीचे पुस्तक काढले आणि पान उघडून बोट ठेवले. 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते.'

किंवा! वाचकहो, 'किंवा' हे विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय आहे. हे मी गेली पंधरा वर्षे मुलांना शिकवतो आहे, परीक्षेत विचारतो आहे आणि चुकले की मार्क कापतो आहे. आणि अडीच वर्षे मी त्या वाक्याचा निम्माच भाग वाचून, गाडी फार चालवली नाही म्हणजे ऑइलही जुने झाले नाही, असे खुशाल धरून चाललो होतो. दर वर्षीचे दोनअडीच हजार वाचत होते, हे त्यामागचे खरे व्याकरण.

आणखी वाईट पुढेच होते. गाडी कमी चालवणे हा मी गुण समजत होतो तोच दोष निघाला. घर ते कॉलेज तीन किलोमीटर. एवढ्या अंतरात इंजिन पुरते तापतच नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. तापलेल्या इंजिनातून ती निघून जाते, पण अर्धवट गरम इंजिनात तिचे पाणी होऊन ऑइलमध्ये उतरते. न जळलेले पेट्रोलही थोडेथोडे झिरपते. अशा ऑइलचा गाळ होतो. लांब पल्ल्यावर रोज धावणाऱ्या टॅक्सीचे ऑइल माझ्या ऑइलपेक्षा निरोगी असते असे मिस्त्री म्हणाले. त्यावर कडी म्हणून मी मधे एकदा, पट्टीवर ऑइल कमी दिसले तेव्हा, रस्त्यावरच्या एका दुकानातून "जुन्या गाडीला जाडच बरं" हा सल्ला ऐकून २०-५० नंबरचे जाड ऑइल भरून घेतले होते. पुस्तकात ५-३० लिहिले होते. ज्या जाळीतून आणि फटींतून पातळ ऑइलने झरझर जायचे तिथे मी काकवी ओतली होती.

तरी मिस्त्रींनी लगेच पाना उचलला नाही. ऑइल घाण आहे म्हणजे बिघाड तिथेच आहे असे नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मुलीने मोबाइलवर आलेख लावला. एक रेघ संगणकाच्या हुकमाची आणि एक रेघ कॅमशाफ्टच्या खऱ्या जागेची. इंजिन चांगले तापू दिले. मग तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. दोन्ही रेघा वर चढल्या, वीस अंशांपर्यंत. तिने पाय काढला. हुकमाची रेघ सरळ शून्यावर आली. दुसरी रेघ वरच राहिली. अठरा अंश. सतरा. सतरा. इंजिन थरथरू लागले. खंबाटकी त्या मोबाइलच्या पडद्यावर माझ्यासमोर उभी राहिली. चढताना ताकदीसाठी झडप लवकर उघडायला सांगितले होते. पाय काढल्यावर मागे ये म्हटले, तर ती आलीच नाही. आणि पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली त्याचे कारणही कळले. इंजिन बंद झाल्यावर कप्प्यांतले ऑइल हळूहळू निथळते आणि पुन्हा सेल्फ मारताना झडपांच्या स्प्रिंगांचा ओढा शाफ्टला मागे आणतो.

मुलीने सोलेनॉइडची वायर काढली. संगणक चुकीचा हुकूम देत असेल तर वायर काढताच आतली स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलेल आणि इंजिन सुधारेल. ते सुधारले नाही. म्हणजे हुकूम बरोबर होता, ऐकणाराच अडला होता. मग मीटर लावून तारेच्या गुंडाळीचा रोध मोजला. सात ओहमच्या वर काहीतरी आला. गुंडाळी शाबूत. साखळी ताणली असती तर मंद चालीपासूनच दोन शाफ्टांच्या वेळा जुळल्या नसत्या. इथे गार इंजिनात त्या बिनचूक जुळत होत्या. अठ्ठावन्न हजारांचा संच असा एकेका प्रश्नाने बाद होत गेला.

मोठ्या गॅरेजातल्या त्या तरुणाने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. 'पी ००११' म्हणजे हवेच्या झडपांचा कॅमशाफ्ट हवा त्यापेक्षा पुढे सरकलेला आहे, एवढेच. का सरकलेला आहे हे तो क्रमांक सांगत नाही. मीसुद्धा उत्तरपत्रिकेत क्रियापदाखाली तांबडी रेघ ओढतो. चूक पुष्कळदा चार शब्द आधी कर्त्यापाशी झालेली असते.

दहा नंबरच्या पान्याने एक बोल्ट काढून, थोडे पिळून मिस्त्रींनी सोलेनॉइड बाहेर काढले. त्याच्या अंगावरची बारीक जाळी गाळाने लिंपलेली होती. बॅटरीच्या दोन तारा क्षणभरच टेकवल्या. अधिक वेळ धरल्या तर गुंडाळी जळते. निरोगी असेल तर 'टक्' आवाज होऊन दट्ट्या सरकतो आणि तारा काढताच परत येतो. आमचा सरकला तो अर्ध्यावरच राहिला. एवढाच तो खंबाटकीचा गुन्हेगार! मिस्त्रींनी तो फवाऱ्याने धुतला, वाऱ्याने झटकला, पुन्हा धुतला. तेव्हा कुठे तो टक् टक् करू लागला. मी उत्साहाने म्हणालो की इंजिन आतून धुणारे औषध बाजारात मिळते, तेही एकदा घालून टाकू या. मिस्त्रींनी कानावर हात ठेवले. सगळा गाळ एकदम सुटला तर तो जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत बसेल, आणि मग सोलेनॉइड राहिले बाजूला, आख्खे इंजिनच जाईल. नवे ऑइल घाला, हजार किलोमीटर चालवा, पुन्हा बदला. घाण हळूहळूच निघू द्या, असे त्यांचे मत. नवे ऑइल, नवा फिल्टर, सोलेनॉइडची नवी रबरी रिंग, मजुरी धरून तीन हजार दोनशे रुपये झाले.

गाडी परत देताना ते आणखी एक वाक्य बोलले. "धुतलेला कपडा हाय सर, नवा न्हाई." मला वाटले विनयाने बोलत आहेत.

चार दिवस मी ज्याला त्याला व्हीव्हीटी समजावून सांगत होतो. पाचव्या दिवशी पोवई नाक्यावर, ऐन गर्दीत, पाय काढताच गाडी थरथरली आणि बंद पडली. दिवा पेटला.

त्या रात्री मी अठ्ठावन्न हजारांचा कागद पुन्हा बाहेर काढला. डाव्या डोळ्याच्या तारखेला अकरा दिवस उरले होते. पत्र्याच्या शेडपेक्षा काचेचे दार बरे, स्वस्तात मस्त असे काही नसते, वगैरे सुविचार मला भराभर सुचू लागले. पतपेढीचे कर्ज किती मिळेल याचा हिशेबही करून झाला. टॅक्सी करू म्हटले तर आई ऐकेना. मोटार दारात असताना भाड्याची कशाला? बायको बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांनी पहिल्या दिवशी शेवटी काय सांगितलं होतं?"

"काही नाही. धुतलेला कपडा आहे म्हणाले."

"मग तुम्हाला त्याचा अर्थ काय वाटला?"

मराठीच्या प्राध्यापकाला हा प्रश्न घरात विचारला जावा!

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो तेव्हा माझा चेहरा काही फार गोड नसावा. मिस्त्रींनी काही न बोलता सोलेनॉइड पुन्हा काढले आणि दट्ट्या उजेडात धरला. त्याच्या अंगावर केसासारखे बारीक ओरखडे होते. गाळाचे कण अडीच वर्षे तिथे घासले होते. वरून धुऊन ते बुजणार नव्हते. त्यातून नव्या ऑइलने सुटलेला गाळ पुन्हा त्या ओरखड्यांत अडकला होता. "एखादा धुऊन वर्षभर चालतो," मुलगी म्हणाली. "तुमचा नाही चालला." नवे घेऊ या का, असे तिने पहिल्या दिवशी वडिलांना विचारले होते म्हणे. मिस्त्री म्हणाले होते, सरांचे पैसे वाचत असतील तर आधी बघू. माझ्या अंगावरच्या कपड्यांवरून त्यांनी तासिका तत्त्व ओळखले होते की काय कोण जाणे. मला काय बोलावे ते सुचेना. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्यांनी मागवलेला चहा प्यालो.

नवे सोलेनॉइड दोन दिवसांनी आले. तीन हजार नऊशे, आणि मजुरी तीनशे. ते बसवण्याआधी मिस्त्रींनी ज्या भोकात ते बसते ते भोक पुसून पुसून घेतले. मुलीने आलेख लावला. पाय दाबला, दोन्ही रेघा वर गेल्या. पाय काढला, दोन्ही एकदम खाली आल्या, एकीला झाकून दुसरी. तिने दहा वेळा केले. अकरावा पाय मला ठेवू दिला.

हजार किलोमीटर तीन किलोमीटरांच्या कॉलेजवाटेने व्हायला पाच महिने लागले असते. म्हणून मिस्त्रींनी मला गृहपाठ दिला. आठवड्यातून एकदा गाडी हमरस्त्यावर काढून अर्धापाऊण तास सलग चालवायची. पेट्रोलची उधळपट्टी म्हणून मी कुरकुरलो, पण केले. मे महिन्यात दुसऱ्यांदा ऑइल बदलले तेव्हा निघालेले ऑइल पुन्हा काळेच होते. मात्र झाकणाखालचा थर पातळ झाला होता. त्याचे दोन हजार अडीचशे धरून सगळा खर्च नऊ हजार सहाशे पन्नास झाला. पावत्या मी जपून ठेवल्या आहेत, आणि दाराच्या चौकटीवरच्या कागदावर 'किंवा' या शब्दाभोवती तांबड्या शाईने वर्तुळ केले आहे.

पण हे मे महिन्यातले. त्याआधी फेब्रुवारीत आईचा डावा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर दुपारी आम्ही परत निघालो. या वेळी ती पुढे बसली होती. खंबाटकीच्या चढाला ट्रकांची रांग होतीच. इंजिन चांगले तापले होते, दुसऱ्या गिअरवर ओढत होते, आणि मी रेडिओ बंद करून नुसता कान लावून बसलो होतो. त्याच वळणाच्या आसपास पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे लागले. मी पाय काढला. क्लच दाबला. काटा घसरत आठशेवर आला, तिथे जरासा हलला आणि स्थिर राहिला.

"थांबलीय ना?" आईने विचारले.

"थांबलीय," मी म्हणालो.

ती काळ्या चष्म्यावरून, बऱ्या झालेल्या उजव्या डोळ्याने, पुढच्या ट्रकची पाठ निरखीत होती.

"'आई जगदंबा प्रसन्न' लिहिलंय," ती म्हणाली, "पण 'प्रसन्न'ला एकच न घातलाय बघ मेल्यानं."